टोपलीतून उचललेलं पुस्तक

गेल्या मे महिन्यात माझ्या मोठ्या बहिणीचा, म्हणजे आपाचा, निकाह झाला. ज्यांनी मुस्लिम लग्न फक्त सिनेमात पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगते. नवरी आतल्या खोलीत बसते आणि काझीसाहेब व बाकी पुरुषमंडळी बाहेर. एक वकील (हा कोर्टातला नव्हे, नवरीच्या नात्यातलाच कुणीतरी वडीलधारा) आणि दोन साक्षीदार आत येतात, मुलाचं नाव आणि मेहरची रक्कम सांगतात, कबूल आहे का ते विचारतात. मेहर म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम. तो तिचा हक्क असतो. माझी आपा एम.कॉम. आहे, बँकेत नोकरी करते, रोज दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब करते. पण स्वतःच्या मेहरचा आकडा तिला त्या खोलीत पहिल्यांदा कळला. निकाहनाम्यात त्या आकड्यापुढे उधार असं लिहिलेलं होतं. मी शेजारी तिचा दुपट्टा सांभाळत बसले होते, त्यामुळे वाचता आलं.

संध्याकाळी बिर्याणी खाताना मी नात्यातल्या एका बुजुर्गांना विचारलं, की निदान आकडा तरी तिला आधी विचारायला नको होता का? ते रागावले नाहीत, हसले. म्हणाले बेटा, मर्दांना औरतांवर दर्जा दिलाय, कुराणातच आहे. आणि एक आयत अरबीत म्हणून दाखवली. विषय संपला.

मला उत्तर देता आलं नाही, कारण माझ्याकडे उत्तरच नव्हतं. मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. सिस्टर्सनी घोकून घेतलेल्या प्रार्थना मला अजून पाठ आहेत. घरी उस्तानीबींनी कुराण अरबीत पूर्ण वाचून घेतलं, पण अर्थ कधी कुणी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. म्हणजे व्हायवाला फॉर्म्युला पाठ आणि डेरिव्हेशन शून्य, तशी अवस्था.

सुट्टी संपवून होस्टेलवर आले. सबमिशनच्या गडबडीतही ती गोष्ट डोक्यातून जाईना. मग लायब्ररीत, नेटवर जे मिळेल ते वाचायला लागले आणि मला हा माणूस सापडला. मौलवी सय्यद मुमताज अली. उर्दू वाचणाऱ्यांना हे नाव माहीत आहे, आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. त्यांच्या मूळ पुस्तकाचा स्कॅन मिळाला, पण पंचाईत अशी की मला उर्दू बोलता येतं, वाचता येत नाही. नानीला येतं, ती उर्दू मीडियमची. मग ती फाईल मामेभावाच्या टॅबवर पाठवली आणि दर रविवारी मेसमध्ये जेवण झालं की मी होस्टेलच्या गच्चीवर फोन कानाला लावून बसायचे आणि नानी तिकडून मोठ्याने वाचायची. रूममेटना वाटलं माझं काहीतरी चाललंय. असो.

मुमताज अलींचा जन्म १८६० चा, देवबंदचा. हो, तेच देवबंद, जिथला मदरसा जगभर प्रसिद्ध आहे. मदरसा सुरू झाला १८६६ मध्ये, म्हणजे तो आणि हा मुलगा जवळजवळ बरोबरच वाढले. अरबी, फारसी, हदीस, फिक्ह हे सगळं त्यांनी तिथल्या परंपरेत शिकून घेतलं. पुढे ते लाहोरला गेले, इंग्रजी शिकले, कोर्टात भाषांतरकाराची नोकरी केली. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर त्यांच्यावर टीका झाली तेव्हा त्यांना धर्मातलं काही कळत नाही असं म्हणण्याची सोय कुणालाच नव्हती.

त्या काळात पंजाबात मिशनरी आणि मौलवी यांच्यात जाहीर वाद व्हायचे. मिशनरींचा आवडता मुद्दा ठरलेला असे, तुमच्या धर्मात बाईला काय स्थान आहे? मुमताज अली अशा वादांत पडायचे. कॉन्व्हेंटमध्ये वाढलेल्या मला हे वाचून जरा गंमत वाटली, कारण तो प्रश्न मलाही शाळेत वेगवेगळ्या तोंडांनी विचारला गेलाय, कधी प्रेमाने, कधी टोमणा म्हणून. अशा वेळी माणूस एक तर चिडतो नाहीतर मान खाली घालतो. मुमताज अलींनी तिसरीच गोष्ट केली. ते परत आपल्या ग्रंथांकडे गेले आणि स्वतःलाच विचारलं, की आपण जे वागतो ते यात खरंच लिहिलंय का?

त्यातून त्यांनी पुस्तक लिहिलं, हुकूक-ए-निस्वाँ. म्हणजे स्त्रियांचे हक्क.

लिहून झाल्यावर त्यांनी हस्तलिखित कुणाला दाखवावं? सर सय्यद अहमद खान यांना. अलीगढचं कॉलेज काढणारे, त्या काळातल्या मुस्लिम समाजातले सगळ्यात मोठे सुधारक. मुमताज अलींना त्यांच्याबद्दल फार आदर होता, शाबासकी मिळेल असं वाटलं असणार. सर सय्यद वाचू लागले. थोडं वाचलं, चेहरा बदलला, आणखी थोडं वाचलं, लाल झाले, हात थरथरायला लागले. आणि त्यांनी ते हस्तलिखित फाडून कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. तेवढ्यात नोकर जेवण तयार असल्याचं सांगायला आला. सर सय्यद उठून गेले आणि मुमताज अलींनी गुपचूप ते फाटके कागद टोपलीतून काढून घेतले.

विचार करा, झेरॉक्स नाही, बॅकअप नाही. आपली एक असाइनमेंट करप्ट झाली तर आपण दोन दिवस जेवत नाही.

सर सय्यद खलनायक नव्हते, हे सांगायला हवं. त्यांचं म्हणणं असं होतं की आधी मुलगे शिकू देत, मग आपोआप घरातल्या मुली शिकतील. आजही हे वाक्य वेगवेगळ्या कपड्यांत ऐकू येतं. आधी हा मोठा प्रश्न सुटू दे, मग तुमचा बघू. मुमताज अलींनी त्यांच्याशी भांडण केलं नाही. पण पुस्तकही सोडलं नाही. ते थांबले. मार्च १८९८ मध्ये सर सय्यद वारले आणि त्याच वर्षी लाहोरमध्ये मुमताज अलींनी पुस्तक छापलं. हे मला थोडं खटकतं आणि थोडं आवडतंही. वडीलधाऱ्याचा मान राखायचा आणि स्वतःचं मतही सोडायचं नाही, यातून हा एकच रस्ता त्यांना सापडला असावा.

आता पुस्तकात काय आहे ते. पाच भाग आहेत. पुरुष श्रेष्ठ आहे हे सिद्ध करायला जी कारणं दिली जातात ती, मग स्त्रियांचं शिक्षण, पडदा, लग्नाच्या रीती आणि शेवटी नवराबायकोचं नातं. मला सगळ्यात आवडला पहिला भाग. त्यात ते एकेक कारण घेतात आणि खोलून बघतात, अगदी आपण वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्स खोलतो तसं.

पुरुष ताकदवान आहे म्हणून श्रेष्ठ? मग गाढव माणसापेक्षा जास्त ओझं उचलतं, त्याला श्रेष्ठ म्हणायचं का? (नानी इथे एवढी हसली की पुढचं पान वाचायला पाच मिनिटं लागली.) पुरुषाला अक्कल जास्त? शिकवून कुणी पाहिलंय? सगळे पैगंबर पुरुष होते? पण सगळ्या पैगंबरांची नावं सांगितलेली नाहीत असं कुराणच म्हणतं, तर मग सगळे कोण होते हे आपण कसं ठरवलं? आदमला आधी घडवलं आणि हव्वाला नंतर, म्हणून ती दुय्यम? यावर त्यांचं उत्तर मला अगदी गोड वाटलं. ते म्हणतात, असंही म्हणता येईल की हव्वाला एक क्षणसुद्धा एकटं वाटू नये म्हणून आदमला आधी घडवून ठेवलं.

आणि मग आली ती आयत. त्या बुजुर्गांनी बिर्याणीच्या ताटावर म्हटलेली. सूरह निसा, ३४ वी आयत. तिच्यात पुरुषांसाठी कव्वाम असा शब्द आहे. त्याचा अर्थ बहुतेक जण हाकिम, म्हणजे सत्ता चालवणारा, असा घेतात. मुमताज अली म्हणतात की आयतीतच पुढे कारण दिलंय, की ते आपल्या मालातून खर्च करतात. मग कव्वाम म्हणजे सांभाळणारा, कामकाज बघणारा. ही जबाबदारी झाली, जन्मजात मोठेपणा नव्हे. ज्याच्याकडे घराचा खर्च त्याच्याकडे व्यवस्था, एवढंच. हे ऐकताना माझ्या डोक्यात लगेच आलं की आमची आपा घरचा हप्ता भरते, मग कव्वाम कोण? मुमताज अलींनी हा प्रश्न विचारला नव्हता, १८९८ मध्ये त्यांच्यासमोर बँकेत जाणाऱ्या बायका नव्हत्या. पण दार त्यांनी उघडून ठेवलंय.

साक्षीचंही तसंच. दोन बायकांची साक्ष एका पुरुषाबरोबर, हे वाक्य सगळ्यांना माहीत असतं. ते येतं सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत, आणि ती आयत उधारीच्या व्यवहाराची आहे. उधार दिलंत तर लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असं सांगणारी. त्या काळातल्या बायकांचा अशा व्यवहारांशी फार संबंध नव्हता म्हणून ती सोय, असं मुमताज अलींचं म्हणणं. एका विशिष्ट परिस्थितीतला नियम उचलून बाईची बुद्धीच अर्धी असं ठरवणं, हे बाउंडरी कंडिशन न बघता फॉर्म्युला लावण्यासारखं आहे. आपल्या सरांनी याला शून्य मार्क दिले असते.

चार लग्नांवर ते दोन आयती शेजारी ठेवतात. निसाच्या तिसऱ्या आयतीत परवानगी आहे, पण अट अशी की सगळ्यांना समान न्याय देता आला पाहिजे, भीती वाटली तर एकच. आणि त्याच सूरहच्या १२९ व्या आयतीत म्हटलंय, की तुम्ही कितीही इच्छा केलीत तरी बायकांमध्ये पूर्ण समान वागू शकणार नाही. दोन्ही एकत्र वाचल्या तर उरतं काय ते उघड आहे. पडद्याबाबतही, सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवा हा हुकूम आधी पुरुषांना आहे (३० वी आयत), बायकांना त्यानंतर. मला हे माहीतच नव्हतं. मला फक्त दुसरा अर्धा भाग सांगितला गेला होता.

मी त्यांना एकदम क्रांतिकारक वगैरे ठरवत नाही. नानी वाचत होती तेव्हा काही ठिकाणी मला राग पण आला. त्यांच्या डोळ्यासमोरच्या बायका म्हणजे चांगल्या खानदानातल्या, नोकरचाकर असलेल्या घरातल्या. पडदा काढून टाका असं ते म्हणत नाहीत, शरियतीत आहे तेवढाच ठेवा असं म्हणतात. मुलींनी शिकावं, पण त्यात चांगली बायको, चांगली आई व्हावी हा हेतू पुष्कळ ठिकाणी आहे. माझ्या रूममेटने हे ऐकून विचारलं, मग यात बरोबरी कुठे आली? तिचा प्रश्न चूक नाही. पण मी त्या सालाकडे बघते, आणि फाडणाऱ्याच्या नावाकडे बघते.

पुस्तक फारसं खपलं नाही. मुमताज अली तेवढ्यावर बसले नाहीत, आणि इथे गोष्टीत दुसरं माणूस येतं, जे मला त्यांच्याहून जास्त आवडतं.

त्यांची पहिली बायको दोन मुलं मागे ठेवून वारली होती. १८९७ मध्ये त्यांनी मुहम्मदी बेगम यांच्याशी लग्न केलं. मुहम्मदी बेगमचा जन्म १८७८ चा, म्हणजे लग्नाच्या वेळी त्या १९ वर्षांच्या, माझ्याहून एक वर्षाने लहान. मोठी बहीण लग्न होऊन दूर गेली तेव्हा तिला पत्र पाठवता यावं म्हणून त्या लिहायला शिकल्या होत्या. (बहिणीच्या लग्नानंतर काहीतरी शिकायला बसणारी मी पहिली नाही, हे बघून बरं वाटलं.) लग्नानंतर मुमताज अलींनी त्यांना अरबी-फारसी शिकवलं, इंग्रजी शिकायची सोय केली, प्रूफं तपासायला शिकवलं. आणि १ जुलै १८९८ ला दोघांनी मिळून बायकांसाठी उर्दू साप्ताहिक काढलं, तहजीब-ए-निस्वाँ. संपादक म्हणून नाव मुहम्मदी बेगमचं. एका मुसलमान घरातली, पडद्यात राहणारी, २० वर्षांची बाई एका पेपरची संपादक. नाव सुचवलं होतं कुणी? सर सय्यदांनीच. पेपर काढू नका, लोक शिव्या देतील असा सल्ला देऊन वर नावही सुचवलं होतं. माणसं अशी असतात.

शिव्यांचं मात्र त्यांनी बरोबर सांगितलं होतं. सुरुवातीचे अंक सरकारी अधिकाऱ्यांच्या यादीतले पत्ते बघून फुकट पाठवले, तर ते परत आले, आणि वर घाणेरड्या भाषेत लिहिलेलं. तीन महिन्यांनी वर्गणीदार ६०-७०. चार वर्षांनी ३००-४००. आपल्या कॉलेजच्या इन्स्टा पेजला याच्यापेक्षा जास्त फॉलोअर्स आहेत. पण त्या अंकांत बायका स्वतः लिहायला लागल्या. मुलीचं शिक्षण, लग्नातला उधळेपणा, घरखर्च, दुसरी बायको आणणारे नवरे, कशीदा, रेसिपी, सगळं. मुहम्मदी बेगमनी कादंबऱ्याही लिहिल्या. त्यातली सफिया बेगम नावाची कादंबरी मुलीला न विचारता ठरवलेल्या लग्नाबद्दल आहे. १९०८ मध्ये, फक्त ३० वर्षांच्या असताना, सिमल्याला त्या वारल्या.

साप्ताहिक बंद पडलं नाही. मुमताज अलींची मुलगी वहीदा बेगम संपादक झाली, आणि तिच्यानंतर मुलगा इम्तियाज अली ताज. हेच ते ताज, ज्यांचं अनारकली नाटक प्रसिद्ध आहे, म्हणजे मधुबालाच्या मुघल-ए-आझमपर्यंत धागा जातो. ताज यांची बायको हिजाब लेखिका होती आणि १९३६ मध्ये तिने विमान चालवायचं लायसन्स मिळवलं. मेकॅनिकलच्या मुलांनी लक्षात घ्यावं! सून कॉकपिटमध्ये बसलेली बघायला मुमताज अली मात्र नव्हते, ते १९३५ मध्ये गेले. जायच्या आधीच्या वर्षी सरकारने त्यांना शम्स-उल-उलेमा ही पदवी दिली होती. म्हातारपणी त्यांनी कुराणातल्या आयतींची विषयवार मांडणीही केली, कुठल्या विषयावर कुठे काय आहे ते सापडावं म्हणून. मला तरी यात आयुष्यभराच्या वादांचा अनुभव दिसतो. कुणी एक आयत तोंडावर फेकली तर बाकीच्या चटकन सापडल्या पाहिजेत.

आपल्या महाराष्ट्रात हा विषय निघाला की हमीद दलवाईंचं नाव येतं, आणि यायलाच हवं. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस १९६६ मध्ये सात मुस्लिम बायकांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेला, तोंडी तलाक बंद करा म्हणून. दलवाईंचा रस्ता वेगळा होता. ग्रंथात काय आहे ते राहू दे, कायदा सगळ्यांना सारखा करा, असा. मुमताज अलींचा रस्ता ग्रंथाच्या आतून जातो. कुठला बरोबर यावर आमच्या रूमवर रात्री दोनपर्यंत भांडण झालं. मी एवढंच म्हटलं, की २२ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाने शायरा बानो खटल्यात तीन विरुद्ध दोन अशा मतांनी एका दमातला तीन तलाक रद्द केला, तेव्हा तिघांपैकी दोघांनी राज्यघटनेचा आधार घेतला आणि एकाने कुराणाचा, की जे तिथेच चूक आहे ते कायद्यात बरोबर कसं असेल. दोन्ही रस्ते मिळून तीन झाले.

आता मेहरचं. चौथ्या भागात मुमताज अली लग्नांवर तुटून पडतात. मुलगामुलगी एकमेकांना ओळखत नाहीत, मुलीची संमती म्हणजे नुसता उपचार, खर्च वारेमाप, आणि मेहर द्यायचाच नसतो म्हणून दिखाव्याला भला मोठा आकडा. त्यांचं म्हणणं, नवऱ्याला झेपेल एवढाच ठरवा, पण द्या.

इथे नानी वाचताना थांबली. मला वाटलं रेंज गेली. मग ती म्हणाली, की तिचा मेहर ५२५ रुपये होता. नाना वारले तेव्हा मय्यत उचलायच्या आधी बायकांनी तिला धरून आणलं आणि मेहर माफ केला असं म्हण म्हणाल्या. आमच्याकडे ही रीत आहे, मीही पाहिलीय. तिने म्हटलं. तिथे उभं राहून कोण नाही म्हणेल? ५२५ रुपयांचं तिला काही नव्हतं. नानांनी पन्नास वर्षांत तिला कशाला कमी पडू दिलं नाही. पण ते कर्ज होतं आणि ते तिचं होतं, हे तिला कधी कुणी सांगितलं नाही, असं ती म्हणाली.

आपाला मी हा भाग लिहून पाठवला. तिने दुल्हाभाईंना वाचायला दिला. ते जरा ओशाळले म्हणे, आणि ऑगस्टपासून दर महिन्याला तिच्या खात्यावर मेहरचा हप्ता येतोय. त्या बुजुर्गांना मी अजून भेटलेले नाही, सेमिस्टर संपल्यावर घरी गेले की भेटेन. कव्वाम शब्दाचं पान नानीने मला अर्थासकट पाठ करून घेतलंय. पुढच्या रविवारी आमचा पाचवा भाग सुरू होतोय, फोन चार्ज करून ठेव असा तिचा मेसेज आलाय.